नमुना बागेची मडकी

नमुना बागेतली आम्ही माणसं कुठंही भेटलो, लग्नात म्हणा की दवाखान्यात, की पाच मिनिटांत गाडी त्या वर्षावर येते. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दोन आठवतात. घरचे कंटाळून उठून जातात. खरं तर त्या वर्षी हसण्यासारखं काही नव्हतं. पाऊस झाला नव्हता, गाव टँकरवर होतं. तरी किस्से साचत गेले.

चौसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी. सोसायटीच्या मागे अर्धा एकर मुरमाड जागा पडून होती. चेअरमन भाऊराव नानांना तिथं गोदाम हवं होतं आणि आमचे सभासद दत्तूमामा यांना बाग. थोडक्या पाण्यावर सीताफळ कसं जगतं ते गावाला दाखवायचं, हा मामांचा ध्यास. भर सभेत ते बोलून बसले, "मृगापर्यंत चाळीस रोपं जगवून दावतो. न्हाई जगली तर खुशाल गोदाम बांधा."

नाना आणि मामा लहानपणचे दोस्त. पण सोसायटीच्या निवडणुकीत मामा नानांच्या पॅनलविरुद्ध उभे राहिले, पडले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर बसून नाना मला म्हणायचे, "सेक्रेटरी, त्यांना सांगा, कुदळ सोसायटीची हाय, दांडा मोडू नका." मामा मला म्हणायचे, "त्यांना सांगा, दांडा आधीच मोडका हाय." मला सांगायला काही उरतच नसे.

*

बोर्ड सत्तारभाईंनी केला. चौसाळ्यात त्यांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. शुक्रवारी दुकान बंद, म्हणून नमाज झाली की आमच्याकडे श्रमदानाला. पत्र्यावर त्यांनी झोकात अक्षरं काढली, 'नमुना बाग'. दुसऱ्या दिवसापासून जाणारा-येणारा फाटकाशी थांबून विचारू लागला, नमुने हजर आहेत का! आम्ही चिडायचो. मामा फावडं खाली ठेवून शांतपणे सांगायचे, "सध्या सात हायत. तुमी आला तर आठ."

अशा थट्टा करणाऱ्यांतले दोघे पुढं खड्डे खणायला आले आणि शेवटपर्यंत टिकले.

*

मामांचे नवे जावई अंबाजोगाईहून मुक्कामाला आले. आंघोळीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मामांनी त्यांचा पाट थेट बागेत, रोपाच्या आळ्याशेजारी मांडला. दोन खाटा उभ्या करून आडोसा केला. मामांच्या बायकोला, सरूकाकूंना, तोंड कुठं लपवावं ते कळेना. जावई बिचारे मुकाट बसले. पहिला तांब्या डोक्यावर घेतात तोच खाटेपलीकडून मामांचा आवाज आला, "पाव्हणं, साबण नको. झाडाला सोसत न्हाई."

*

मडक्यांचं मात्र आजही हसून सांगता येत नाही. प्रत्येक रोपाजवळ एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून ठेवायचं. पाणी मातीतून हळूहळू पाझरतं, मुळांना पोचतं. मामांची सगळी भिस्त त्यावर. सत्तारभाईंकडे फाटकाचा हिरवा ऑइलपेंट उरला होता. मडकी टिकावीत म्हणून त्यांनी चाळीसच्या चाळीस आतून-बाहेरून रंगवली. आम्ही वाहवा केली आणि पुरली.

आठ दिवस झाले तरी मडकी काठोकाठ. मामा खुशीत सगळ्यांना बोलावून दाखवत होते की बघा, पाणी किती कमी लागतं! मग पानं गळायला लागली. मामांनी एक मडकं उपसून काढलं, पाठीवरून बोट फिरवलं. खडखडीत कोरडं. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. पाझरायची वाटच आम्ही रंगानं बुजवली होती. नऊ रोपं गेली होती.

सत्तारभाई बांधावर बसून राहिले. मामांनी घरून नवी रोपं आणली, आणि सरूकाकू गल्लीत फिरल्या. ऐन उन्हाळ्यात बायांनी घरचे माठ काढून दिले. त्या वर्षी आख्खं गाव कोमट पाणी प्यालं.

*

चैत्रात दत्तूमामा गेले. सकाळी मडकी भरून घरी आले, छातीत कळ आली, चौसाळ्याला पोचेपर्यंत संपलं. नाना अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे होते.

पुढच्या बैठकीत बागेचा विषय निघाला. नाना सवयीनं मला म्हणाले, "सेक्रेटरी, त्यांना सांगा..." आणि मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून थांबले. पुढचा विषय घ्या, एवढंच म्हणाले. गोदामाचं नाव त्यांनी काढलं नाही, पण नको असंही म्हटलं नाही.

*

चैत्र सरता सरता टँकर बंद पडला, चार दिवस आलाच नाही. बागेतल्या मडक्यांतलं पाणी तळाला गेलं. मृग महिन्याहून लांब होता. आता रोपं हातची जाणार, मामांचा शब्दही जाणार, असं आम्ही धरून चाललो.

पाचव्या दिवशी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी घागर भरतात. घरात प्यायला असो-नसो, ती घागर कुणी चुकवत नाही. सकाळी सरूकाकू मामांच्या नावाची घागर कडेवर घेऊन बागेत आल्या. शेवटच्या सकाळी मामा ज्या रोपाशी बसले होते त्याच्या माठात त्यांनी ती ओतली आणि गेल्या. तासाभरात शेजारची बाई आपल्या सासऱ्याची घागर घेऊन आली. मग रीघच लागली. सत्तारभाईंनी मोटारसायकलवर दोन कॅन आणले. आमच्यात ही रीत नाही, पण मामांना चालेल, म्हणाले.

ऊन चढल्यावर फाटक वाजलं. नाना. खांद्यावर घागर, धोतर भिजलेलं. कोरडं मडकं कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी दाखवलं. गुडघे टेकून त्यांनी सावकाश पाणी ओतलं, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

मी विचारलं, "कुणाच्या नावाची, नाना?"

"दत्तूच्या."

मी म्हणालो, मामांची तर सरूकाकूंनी सकाळीच भरली.

नानांनी रिकामी घागर उचलली.

"ती घरची झाली," ते म्हणाले. "ही विरोधी पार्टीची."