कालन्याच्या घाटावर आम्ही दोघी नागपूरकर

हुगळी नदीवरच्या त्या छोट्या जहाजाची सहल मी ठरवली, तेव्हा नवरा म्हणाला, "पाण्यावर मला झोप लागत नाही. तू जा." मग मी रामटेकजवळ राहणाऱ्या थोरल्या जावेला फोन केला. धानाची कापणी उरकली होती. ती म्हणाली, "तू नेऊन राहिली वं, तं मी काहून नाही येणार?"

कोलकात्याहून निघालो. सकाळी एखाद्या गावासमोर नांगर पडायचा. होडीने काठावर जायचं, देऊळ नाहीतर विणकरांची आळी बघायची, जेवायला परत. मला हे फारच मानवलं. सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे काढलेली मी, इथे सगळ्यांच्या आधी होडीत पाय टाकत होते.

कालना गावात विटांच्या देवळावर भाजक्या मातीची शिल्पं होती. त्यांतल्या घोडेस्वारांकडे बोट दाखवून गाइड हिंदीत बर्गींबद्दल सांगू लागला. मराठ्यांच्या फौजा, जाळलेली गावं, नदीपार पळालेली माणसं. 'बर्गी येतील' अशी भीती घालून आया अजूनही मुलांना झोपवतात, म्हणाला. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे शिपाई, हे कळायला मला क्षणभर लागलं.

"आप लोग कहाँ से?" त्याने विचारलं.

"नागपूर."

त्याने त्या घोडेस्वारांकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "वो भी वहीं से आए थे." पायरीवर एक बाई रडकं मूल घेऊन बसली होती. त्याने तिला बंगालीत काही सांगितलं, त्यातलं 'बर्गी' एवढंच मला कळलं, तशी ती मोठ्याने हसली.

"काहून हासून राहिली गा ही?" जावेने त्यालाच विचारलं. मी जावेला बर्गींचं सगळं समजावलं. ती म्हणाली, "सांग तिले, आता आम्ही तिकीट काढून आलो."

निरोप पोचला. बाईने सरकून जागा केली आणि मूलच जावेच्या मांडीवर ठेवलं. जावेचं ठसठशीत कुंकू बघून ते आणखी जोरात रडायला लागलं. तिथे सगळेच हसले.

संध्याकाळी डेकवर चहा पिताना मी सहप्रवाशांना सांगितलं, मला थोडं बोलायचंय. आमच्या शाळेत ही स्वारी दोन ओळींत आटपायची. चौथाई आणि विजय. जळलेली गावं त्यात नव्हती. आमचं घराणं ती फौज पाठवणाऱ्या नागपूरच्याच राजवटीत कारकुनी करायला नागपुरात आलं, तेव्हा त्या पैशावर आमचंही पोट भरलं असणार. हे मी माझ्या हिंदीत न अडखळता बोलले. माफी मागितली नाही. कुणाच्या वतीने मागणार? पण ऐकलं, आणि घरी जाऊन सांगेन, एवढं म्हणाले.

समोर एक निवृत्त बंगाली प्राध्यापिका होत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "अच्छा, नागपुर के लोग खाते क्या हैं?"

इथे जावेने सूत्रं हाती घेतली. ती आमचा वडाभात, म्हणजे भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून फोडणीचं तेल, कसा करायचा ते सांगत होती, मी हिंदी करत होते, आणि जहाजाचा आचारी जिन्यात उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणात वडाभात आला. डाळ भलतीच, फोडणी मोहरीच्या तेलाची. जावेने दोनदा वाढून घेतला.