दादाचं बोट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी दुकानात कोण शिंकलं तेही घरी येऊन सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दादाला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

दादा माझा थोरला भाऊ. मढजवळचं शेत तो बघतो, मी जुन्नरला फवारणीचे पंप दुरुस्त करतो. भात निघाला की त्याच रानात ओलीवर हरभरा असतो, आणि घाटे भरले की डोंगरातून माकडं उतरतात. उभं पीक ओरबाडून नेतात. पण दादाचा हट्ट — मुक्या जिवाच्या अंगावर काही मारायचं नाही. म्हणून आम्ही बांधावरच्या आंब्याला एक जुना पत्रा टांगला. छर्रा मारायचा तो पत्र्यावर. आवाज झाला की टोळी पसार.

त्यासाठी हवेची बंदूक मी बनवली. पाइपात सायकलच्या पंपानं हवा भरायची आणि ती सोडायची, की छर्रा सुटतो. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा ठिबकचा कॉक बसवला, तर तो हातानं फिरवेपर्यंत निम्मी हवा फुस्स! छर्रा कसाबसा बांधापर्यंत गेला. वहिनी पोट धरून हसली. मग मी इरेला पेटलो. दुकान बंद केलं की त्याच खटपटीत बसायचो. शेवटी जमलं — स्प्रिंगवर एक ठोकळा, त्याला अडवणारी एक पट्टी. खटका ओढला की ठोकळा सुटून व्हॉल्व्हवर आपटायचा, व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा आणि मिटायचा. हवा वाया जात नव्हती. एकदा भरली की बार होत राहायचे. गावात माझं नाव झालं. घाटघरहून एक जण मुद्दाम बघायला आला.

तो खटका ओढून बघत म्हणाला, "राव, ह्याला बैल जुपायचा का काय?"

सगळे हसले. खटका जड होता, खरंच होतं. पण मला ते लागलं. एवढ्याशा चेष्टेचं एवढं लागावं? दुसऱ्याच दिवशी मी बंदूक दुकानात नेली आणि ज्या खाचेत ती पट्टी अडकायची, ती कानशीनं घासली. खटका लोण्यासारखा झाला. खूश झालो.

आणि मग मी हवा भरून, ठोकळा मागे ओढून बंदूक टेबलावर ठेवली आणि ती आपोआप सुटली. कुणी हात लावला नव्हता. नळीत छर्रा नव्हता, म्हणून नुसता फट् आवाज झाला. काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं: घासून खाच उथळ झाली होती, जराशा धक्क्यानं पट्टी निसटत होती. दुसऱ्याची वस्तू असती तर मी ती दुरुस्त केल्याशिवाय हातात दिली असती का? पण खाच पुन्हा खोल करायची म्हणजे खटका पुन्हा जड होणार. मी बंदूक तशीच पिशवीत घातली आणि मढची एसटी धरली.

माकडांना आमची जेवायची वेळ पाठ होती. आम्ही भाकरी सोडली की ती उतरायची. म्हणून दादा जेवायला बसण्याआधी हवा भरून, छर्रा घालून, बंदूक बांधाला टेकवून ठेवायचा. त्या दुपारीही तसंच. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. झाडावर काहीतरी हललं म्हणून दादानं बंदूक उचलली — नुसती उचलली — आणि ती सुटली.

छर्रा वहिनीच्या डाव्या डोळ्यात गेला.

दवाखान्याच्या बाहेर दादा माझं मनगट धरून बसला होता. "बाळू, मी बोट लावलंच नव्हतं रं. नव्हतं लावलं."

त्याला पक्कं माहीत होतं. आणि मी — मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "दादा, लागलं असंल. घाईत कळत न्हाई."

एवढंच बोललो. तो बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लागलं असंल." माझा शब्द त्यानं स्वतःच्या आठवणीपेक्षा खरा मानला, कारण मशीनमधलं मला कळतं. बंदूक मी त्याच आठवड्यात मोडून टाकली. सगळे म्हणाले, बरं केलंस.

वहिनीचा तो डोळा गेला. तिनं दादाला एकदाही बोल लावला नाही. "मुद्दाम केलं व्हय तुमी?" एवढंच म्हणायची. तांदूळ तेव्हापासून दादाच निवडतो. सुईत दोराही तोच ओवून देतो, आणि वहिनी त्याला चिडवते, की सासूबाई परवडल्या. दोघांना असं बघितलं की माझा ऊर भरून येतो. बरीच वर्षं मी मनाला समजावत आलो, की बघ, त्यातूनही माया वाढली. किती निर्लज्ज विचार! माया आधीपासून होती. मी त्या मायेत भीती तेवढी घातली. दादा आता विळा धरला की आजूबाजूची माणसं लांब करतो. मोटर बंद केली की दुसऱ्याला बघायला पाठवतो. स्वतःच्या हातावर त्याचा विश्वासच राहिला नाही.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली. वहिनीनं दुपट्यात गुंडाळलेली नात दादासमोर धरली. त्याचे डोळे भरले, चेहरा सगळा हसला — आणि हात मात्र त्यानं पाठीमागे घेतले.

"नगं. माझ्या हाताचा भरवसा न्हाई," तो म्हणाला. "बाळूकडं दे. त्याचा हात थिर हाय."

मी दोन्ही हात पुढे केले. तिला घेतलं. दादा वाकून माझ्या हातातल्या नातीकडे बघत राहिला, आणि तेव्हाही मी बोललो नाही.