गणितात एकोणीसशे सत्त्याऐंशी

मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती बाई मला एकदाच भेटली. मी शिकवायचे त्या शाळेचा निकाल उद्यावर आला होता आणि त्यासाठी लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये वर्गाची सरासरी शंभराच्या वर जात होती. चूक शोधायला मी डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघायच्या सोयीत, एकेका मुलापाशी थांबत होते.

एसटीला वेळ होता म्हणून ती आत येऊन बसली होती. वाशिंदच्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहायची म्हणे. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "सगळ्यांना कशाला अडवतेस गो? मार्कांची बेरीज करणाऱ्या त्या फंक्शनला सांग, शंभराच्या वर मार्क आले, तरच थांब."

बोटं कडाकडा मोडून तिनेच ती अट टाइप केली. प्रोग्रॅम सुसाट धावला आणि एका मुलीपाशी थांबला. तिच्या गणिताच्या गुणांत जन्मसाल पडलं होतं!

"एकोणीसशे सत्त्याऐंशी मार्क! लय हुशार हाय गो पोरगी!"

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे खरे गुण फळ्यावर लागले, अठ्ठ्याऐंशी. आनंदाने तिच्याहून मोठ्याने मीच ओरडले.