साडूभाऊंचे बिनरंगी ठोकळे

मोठ्या माणसाच्या दोन हातांइतकं लहान पोराचं नुकसान दुसरं कोणी करत नाही, असं छातीठोक सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सुटका नाही. साडूभाऊंनी चोपड्याला लाकडाच्या वखारीत उभी हयात काढली. काम सुटल्यावर लोक देवदर्शनाला जातात; ह्यांनी वखारीतले उरलेसुरले तुकडे गोणीत भरून घरी आणले आणि पोरांसाठी ठोकळे करायला बसले. चौकोनी, त्रिकोणी, अर्धगोल, लांबुळके, मनात येईल तसे. ठोकळा घासून झाला की स्वतःच्या डाव्या गालावरून फिरवून बघायचा, जराशी खरखर लागली की पुन्हा घासायला घ्यायचा. आमची थोरली मेहुणी म्हणते, "यांचा डावा गाल माझ्यापेक्षा मऊ झालाय, दाढी तेवढी उजवीकडेच वाढते."

ठोकळ्यांना रंग द्यायचा नाही, हा आणखी एक हट्ट. मी एकदा सहज म्हटलं, "साडूभाऊ, जरा लाल-पिवळं करा की, दिसायला बरं." तर म्हणाले, "पिवळं केलं की पोर म्हणणार, हे केळं. मग तो तुकडा जन्मभर केळंच राहणार. कोरा राहू द्या, त्याचं काय करायचं ते पोर बघून घेईल." असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. लग्नकार्यालाही हा गृहस्थ गोणी घेऊनच येतो. धुळ्याला माझ्या पुतणीच्या हळदीत त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यात गोणी उपडी केली आणि बघता बघता नवरी एकटी पाटावर, करवल्या सगळ्या ठोकळ्यांत. एक पाहुणे कौतुकाने वाकून एका पोराला म्हणाले, "काय केलं रे? घर का?" झालं. साडूभाऊ कडाडले, "तुम्ही घर म्हणालात म्हणजे तो आता घरच करणार. हात मागे घ्या, आणि जमलं तर तोंडही." पाहुणे नवरदेवाचे मामा होते. पुढचं सगळं मला निस्तरावं लागलं.

'हात मागे' हा त्यांचा एकुलता एक कायदा, आणि तो ते स्वतःही पाळत. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात सभागृहाच्या एका खोलीत रोज सकाळी पोरं जमायची. साडूभाऊ, म्हणजे पोरांचे नाना, भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून बसायचे. एखाद्या पोराचा मनोरा डुगडुगायला लागला की ह्यांची बोटं पाठीमागे वळवळायची, पण पुढे यायची नाहीत. "पडू दे. पडल्याशिवाय रुंद ठोकळा खाली का लागतो ते कळायचं कसं?" म्हणायचे. पोरांना ते कळत होतं. आईबापांना कळत नव्हतं. शेजारच्या गावातली पोरं एबीसीडी म्हणतात आणि आपली नुसती खेळतात, अशी कुरकुर सुरू झाली. सभागृहाचा कारभार गावातल्या केळीच्या व्यापाऱ्याकडे; सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा म्हणाले, "रविवारी माझ्या मळ्यात भरीत पार्टी आहे, सगळं गाव असेल. पोरांना काय येतं ते दाखवा. नाहीतर खोलीची किल्ली परत द्या, तिथं इंग्रजीची शिकवणी लावू." मेहुणीने फोनवर हे सांगितलं. "खोली गेली तर हा माणूस अंथरूण धरेल," म्हणाली. मी जळगावहून मुद्दाम गेलो.

आता, आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, आणि त्या आचेला आबा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. साडूभाऊंनी ठोकळ्यांची गोणी नेमकी पऱ्हाट्यांच्या ढिगाला टेकवली आणि पाय धुवायला लांब विहिरीवर गेले. परत येईपर्यंत वांग्यांचा खमंग वास मळाभर पसरला होता. आबा खुशीत होते. "लाकूड कोणी आणलं हो? कसं कोरडं, घासूनपुसून ठेवलेलं. आच काय सुरेख धरली."

साडूभाऊंनी रिकामी गोणी उचलली, झटकली आणि बांधावर जाऊन बसले. प्रकार लक्षात आल्यावर आबांचा चेहरा उतरला. "रंग असता तर ओळखलं असतं हो," एवढंच पुटपुटले.

पोरं मात्र थोडा वेळ उभी राहिली आणि पांगली. आबांची चार वर्षांची नात बांधावर पडलेली केळीच्या खांबाची एक जाड चकती ओढत घेऊन आली. दुसऱ्याने वीट आणली, तिसऱ्याने न भाजलेलं वांगं, कोणी केळीचे रिकामे क्रेट. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. पाण्याच्या पाटावर, या काठापासून त्या काठापर्यंत, काहीतरी उभं राहायला लागलं. पडलं. जाड चकत्या खाली गेल्या, पुन्हा उभं राहिलं. वांग्याची जागा तीनदा बदलली. माणसं ताटं हातात घेऊन जवळ आली आणि खायचं विसरली. आबांना राहवेना. ते वाकून म्हणाले, "अगं, ती वीट अशी..."

"आबा, हात मांगे," नात मान वर न करता म्हणाली.

तालुक्यात केळीचा भाव ठरवणाऱ्या माणसाने निमूट हात मागे घेतले. मग त्यांच्या शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. पाटाखालून पाणी वाहत राहिलं, वरून पोरांनी एक भाकरी सरकवत पलीकडच्या काठाला नेली, आणि सगळं गाव हात मागे घेऊन बघत उभं. एबीसीडीवाली एक आई डोळे पुसत म्हणाली, "मना पोऱ्या कोणले न इचारता करी ऱ्हायना." आपलं पोर कोणाला न विचारता करतंय, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

आबा साडूभाऊंजवळ गेले. "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. लाकूड लागेल तेवढं मी देतो. फक्त जरा रंग द्या, म्हणजे माझ्या हातून पुन्हा असं व्हायचं नाही."

"रंग नाही," साडूभाऊ म्हणाले. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माणूस शाबूत होता.

पंगत बसली, सगळे तिकडे गेले. नात एक चकती घेऊन साडूभाऊंकडे आली. "नाना, तुम्ही बी लावा." त्यांनी ती घेतली आणि तसेच उभे राहिले. मला एकदम जाणवलं, ह्यांनी इतके ठोकळे केले, पण एकावर एक ठेवताना मी ह्यांना कधीच पाहिलं नाही. लहानपणी वखारीत लागले. लाकूड हातात आलं ते कापायलाच.

"कुठं लावू गं?" त्यांनी विचारलं.

"मी नही सांगस," ती म्हणाली आणि भाकरी खायला पळाली.

सवयीने त्यांनी चकती डाव्या गालावरून फिरवली. गालाला केळीचा चीक लागला, त्यांना पत्ता नव्हता. पाटापाशी उकिडवे बसले, चकती एका जागी ठेवली, उचलली, दुसरीकडे ठेवली. भरीत गार होत होतं, जेवायला चला म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावणार होतो. पण तो हात मागे घेतला आणि थांबलो.