नीलाच्या नोकरीचा फोन मी घेतला

माझ्या मुलीला मिळू पाहणारी पहिली नोकरी मी एका फोनवर जवळजवळ घालवली होती. तीही तिला मदत करायला बसलो असताना!

नीला बारावी झाली होती, टंकलेखनाची परीक्षाही उत्तीर्ण होती. जूनच्या आत नोकरी लागली तर घणसोलीला आमच्याकडेच राहून रात्रीचं कॉलेज. नाही लागली तर साताऱ्याला आत्याकडे, असं ठरलं होतं. (ठरवलं आत्याने. आमच्या घरातल्या गोष्टी साताऱ्याहून ठरत.) नीलाला जायचं नव्हतं. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. पण हे मोठ्याने बोलण्याइतकं धैर्य माझ्यात असतं, तर आत्याला ठरवावंच कशाला लागलं असतं!

जवळच्याच पावणे गावातल्या एका खोक्यांच्या कारखान्यात तिने अर्ज केला. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून तळमजल्यावरच्या म्हात्रेवहिनींचा क्रमांक देऊन पुढे 'पी.पी.' लिहिलं. त्या काळी तशी रीतच होती : फोन शेजाऱ्यांचा, चिंता आपली. नेमकी फोन येण्याच्या दिवशी नीला दाखला आणायला शाळेत गेली आणि फोनजवळ बसण्याची कामगिरी माझ्यावर आली.

दुसऱ्याच्या घरी रिकामं बसून राहणं मला फार अवघड वाटू लागलं.

"वहिनी, काही काम असेल तर सांगा."

हे वाक्य केवळ सभ्यतेपोटी उच्चारायचं असतं, हे वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं! त्या मूळच्या शेजारच्याच तळवली गावच्या, आगरी. त्यांनी कोळंबीची परात थेट माझ्यापुढे सरकवली.

"सोला भाऊ. डोकी काढा, काला धागा काढा. टेन्शन नाय घ्यायचा."

जिवंतपणी वा मरणोत्तर, कोणत्याही अवस्थेतली कोळंबी मी त्याआधी हाताळलेली नव्हती. (तिनेही माझ्यासारखा माणूस पाहिला नसावा.) वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या आणि फोन वाजला. बरबटलेले हात वर धरून मी दोन्ही कोपरांनी रिसीव्हर उचलला.

"मॅनेजर बोलतोय. नीला आहे का?"

"ती बाहेर गेली आहे. मी तिचे वडील."

"बरं, तुम्हीच सांगा. टायपिंग कसं आहे तिचं?"

आता, आपल्या लेकराची स्तुती आपल्याच तोंडाने करू नये, हा आमच्या घराण्याचा संस्कार. कुणी 'पोरगी हुशार हो!' म्हटलं की आमच्या तोंडून 'कसली हुशार!' आपोआपच बाहेर पडतं.

"छे हो, कसलं टायपिंग! बोटं चालतात इतकंच."

"इंग्रजी?"

"कामापुरतं. तेही काम लहान असेल तर."

"वेळेवर येईल ना?"

"आई हलवून उठवते, म्हणून उठते!"



"अहो, मग मी तिला बोलवायचं कशासाठी?"

"खरं आहे तुमचं," मी अत्यंत नम्रपणे म्हणालो.

बादली आपटल्याचा आवाज झाला आणि रिसीव्हर माझ्या कोपरांतून नाहीसा झाला.

"ओ सायेब! बापाचा काय आयकता? त्याला सकालपासून वाटीभर कोलबी सोलायला जमली नाय! पोरगी सोनं हाय. माझ्या नातवाला तिनंच पास केला. लाईट गेली तर जिन्यात मेनबत्ती लावून अब्यास करते... मी कोन? मी फोनवाली! उद्या दहाला? पाठवते."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, पोरीचे दुश्मन हाय का तुमी?"

संध्याकाळी सारा वृत्तांत ऐकून नीला हसेल अशी माझी अपेक्षा होती. ती हसली नाही.

"बाबा, मी साताऱ्याला गेलेलीच बरी, असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही गं," एवढंच मला जमलं. बाकीची वाक्यं मी मनातच म्हटली. वाक्यं सुंदर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नोकरी घेऊनच परतली. मॅनेजर म्हणाले होते, "वडिलांनी सांगितलं होतं, त्या मानाने खूपच बरी आहेस!" पेढे वाटायला आम्ही दोघं बाहेर पडलो. समोरच्या दारातले देशपांडे म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची!"

"कस..." माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शेजारी उभ्या नीलाकडे लक्ष गेलं. ती पेढ्यांच्या खोक्याकडे पाहत होती; श्वास रोखून.

"हो!" मी म्हणालो. "फार हुशार आहे! आणि ती इथेच राहणार आहे!"

अशा वाक्याला आवाज किती लावायचा, याचा मला मुळीच सराव नव्हता. खालून वॉचमन धावत वर आला आणि देशपांड्यांना म्हणाला, "साब, झगडा हुआ क्या?"