चौदावा बार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागले की मी मध्ये थांबत नाही. अशी फजिती करून घेतली आहे मी, की आमच्या पोशीरपासून नेरळपर्यंत अजून माझं नाव निघतं! आणि खरं सांगू? मला ते आवडतं.

आमच्या शेजारच्या गोपाळभाऊजींना सरकारातून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळाला. भात निसवून लोंब्या धरायला लागलं होतं, रानडुकरं बांधापर्यंत येऊन जात होती. आता परवाना वाचणार कोण? मीच! मराठी चौथी पास आहे मी. आमच्या आळीत कुणाला पत्र आलं, तर त्यातली बातमी आधी मला कळते, मग त्यांना.

"नीट ऐका भाऊजी," मी ठणकावलं. "पहिली अट, बार काढायचा तो आपल्याच जमिनीत. दुसरी, रस्त्याच्या अंगाला नाही. तिसरी, बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. दिलीत की परवाना गेला!"

"आन् नेम कुठं शिकायचा, वैनी?"

"तुमच्या वरकसात, त्या माळजमिनीत. मागे टेकाड आहे, गोळी मातीत जाईल."

म्हणजे बघा, कायदाही मीच सांगितला आणि जागाही मीच दाखवली!

भाऊजींनी एका मेढीच्या खांबावर घासलेटचा रिकामा डबा टांगला, चार हात पलीकडे दगडावर मडकं ठेवलं. एक नाही, दोन नाही, तेरा बार काढले! टेकाड तेवढं जखमी झालं. डबा आणि मडकं खुशाल.

"डुकरं हसूनच मरतील गं बाय!" त्यांची बायको सगुणा म्हणाली.

मला कुठं राहवतंय? "भाऊजी, डोळा तरी कुठला मिटता?"

"एवढं सोपं हाय तर मारा की तुमी!"

मला असं म्हणायचं असतं का? घेतली बंदूक. धडाड! मी बांधाखाली, पदर बाभळीवर. डोळे उघडून बघते तर काय, डब्याच्या बरोब्बर मधोमध गोळी आरपार! खांदा मात्र आठ दिवस हळद मागत होता.

तिघांनी शपथ घेतली, याचा ब्र काढायचा नाही. मीही पाळली हो! विहिरीवर इतकंच म्हटलं, "आमच्या भाऊजींची नेमबाजी झकास चाललीय." ते नेरळच्या बाजारात पोचेपर्यंत बंदुका चार झाल्या. आणि कर्जतला पोचलं तेव्हा पोशिरात पलटण उभी राहिली होती!

कुणीतरी तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी फौजदार घोड्यावरून हजर. सोबत दोन शिपाई.

सगुणा पांढरीफटक पडली. "वैनी, बंदूक गेली तर समदं भात डुकरांच्या घशात!"

मी पदर खोचला आणि पुढं झाले. वरकस दाखवलं, टेकाड दाखवलं, रस्ता किती लांब ते दाखवलं, आणि तिन्ही अटी घडाघडा म्हटल्या. फौजदार बघतच राहिले. "बाईंना कायदा तोंडपाठ आहे की!" त्यांनी वहीत लिहिलं, तक्रार खोटी. मी अशी फुगले म्हणता!

रिकिबीत पाय घालता घालता त्यांना तो डबा दिसला. जवळ गेले, छेदात बोट घालून पाहिलं.

"वा! बरोबर मधोमध! गोपाळा, याला म्हणतात मर्दाचा हात."

आणि भाऊजी नुसते हसले हो! वर मिशीवरून हात फिरवला!

"साहेब," मी ओरडले, "मिशी त्यांची असेल, पण ती गोळी माझी!"

सगुणानं कपाळाला हात लावला. फौजदार परत आले. "बाई, ती तिसरी अट काय म्हणालात मघाशी?"

आणि मी सांगितली. एक शब्दही न चुकता! पाठच होती ना!

बंदूक कर्जतला गेली, कापणी होईपर्यंत आली नाही. सगुणा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तोच डबा माझ्या हातात दिला. "घ्या, वाजवा आता." भात कापेपर्यंत त्यांच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून मी डबा बडवला. एक लोंबी जाऊ दिली नाही, सांगून ठेवते!

बायका अजून विचारतात, "एवढ्या लांबून डब्यावर नेम धरलात तरी कसा?" मी भाऊजींसारखी नुसती हसते.

तुम्हाला म्हणून सांगते. मी नेम धरला होता तो मडक्यावर.