चार सेकंद माझे, दोन त्यांचे

मी बाहेरच्या दाराला कुलूप लावलं की माझे सासरे ते ओढून बघतात. माझ्या पाठीमागे नाही, माझ्यादेखत. मी किल्ली खिशात टाकतो, दोन पायऱ्या उतरतो आणि मागून खट् असा आवाज येतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, साडेसहा हजार तास मी विमान उडवलंय, पण मला कुलूप नीट लावता येतं यावर या गृहस्थांचा अजून विश्वास बसलेला नाही.

ते स्वतःही वैमानिकच. आमच्याच कंपनीत कॅप्टन, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. मी सहवैमानिक, म्हणजे उजव्या खुर्चीतला. राहतो एकाच इमारतीत, ते पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या, आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार दोघांत एक. कंपनीत सगळे त्यांना कडीकुलूप म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक असणार, कारण त्यांना संशय नाही अशी गोष्ट मी पाहिलेली नाही.

दुकानातून आणलेली साखर ते घरी परत तोलतात. मग घरच्या काट्यावर शंका आली म्हणून दुसरा काटा आणला. दोघांत वीस ग्रॅमचा फरक निघाला, तेव्हा तिसरा आणला. सासूबाई म्हणतात, आता चौथा आणलात तर मी माहेरी जाईन, आणि तिथं पोचले की नाही ते तुम्ही दोनदा विचारून घ्या. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी माझं वय तीनदा विचारलं होतं, दोनदा मला आणि एकदा माझ्या भावाला.

अशा माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसून विमान चालवायचं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी एखादं बटण दाबलं की त्यांचं बोट येऊन त्यावर टेकतं. सासरे-जावई एका विमानात नकोत असा नियम आमच्या कंपनीत नव्हता. असावा, असं मला फार वेळा वाटलंय.

तर त्या दुपारी आम्ही दोघं एकत्र होतो. विमान माझ्या हातात होतं आणि आम्ही वर चढत होतो. मागे पावणेदोनशे माणसं. वर आकाश लख्ख, डाव्या बाजूला ढगांचा लांबच लांब थर, जरा तिरपा.

आता एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक मोठ्या विमानात एक यंत्र असतं, ते जवळ आलेल्या दुसऱ्या विमानातल्या यंत्राशी परस्पर बोलतं आणि दोघं मिळून ठरवतात, तू वर जा, मी खाली जातो. मग आमच्या कानाशी हुकूम येतो. तो आला की हातातलं सगळं सोडून पाच सेकंदांच्या आत ऐकायचं. जमिनीवरून कंट्रोलरने उलट काही सांगितलं तरी यंत्राचंच ऐकायचं. कारण समोरचा त्याच्या यंत्राचं ऐकत असतो. इकडे आपण शहाणपणा केला तर दोघं एकाच दिशेला जातो, आणि तिथंच गाठ पडते. हे आम्ही दर सहा महिन्यांनी घोकतो. झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

यंत्र म्हणालं, डिसेंड, डिसेंड. खाली जा. त्याच क्षणी कंट्रोलरचा आवाज आला की चढत राहा, लवकर चढा. आणि मी बाहेर पाहिलं. डावीकडे समोर एक पांढरं विमान, वाढत येणारं, आणि ते सरळसरळ आमच्या खाली होतं. खाली जायचं म्हणजे त्याच्या पाठीवर जाऊन बसायचं. माझा हात दांड्यावर होता, खाली जायला तो पुढे ढकलायचा असतो, पण मी ढकलला नाही. मी बघत राहिलो.

मग शेजारून आवाज आला, अगदी साधा, मीठ द्या म्हणावं इतका साधा.

"कंट्रोल माझ्याकडे."

दांडा पुढे गेला, विमानाचं नाक खाली वळलं. ते विमान आमच्या डोक्यावरून गेलं. मला त्याचं पोट दिसलं, चाकांची झाकणंसुद्धा दिसली. ते आधीपासून वरच होतं. ढगांचा थर तिरपा होता आणि माझ्या डोळ्यांनी त्या तिरप्यालाच सपाट धरलं होतं. मागे एका प्रवाशाच्या मांडीवर चहा सांडला, त्याने दुसरा मागितला. त्याला बाकी काही कळलं नाही.

पुढचे दोन तास आम्ही फक्त विमान चालवलं. उतरल्यावर नेहमीच्या पद्धतीप्रमाणे आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. अशा प्रसंगानंतर दोघांनी आपापलं निवेदन लिहायचं, एकमेकांना न दाखवता. मध्ये काचेची भिंत होती. काचेतून मला ते दिसत होते. लिहीत, थांबत, चष्मा काढत, खोडत, पुन्हा लिहीत. दोन पानं झाली, तिसरं घेतलं. मला वाटलं, झालं, म्हातारा माझी नऊ वर्षांची टिपणं काढतोय.

पुढच्या महिन्यात मला डावी खुर्ची मिळायची होती. कॅप्टन होण्याच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. आणि यंत्राचा हुकूम येऊनही बाहेर बघत बसलेल्या माणसाला कुणी कॅप्टन करत नाही.

आमच्या विमानात दोघांचे दांडे आतून जोडलेले असतात. एक ढकलला की दुसरा आपोआप हलतो. ब्लॅक बॉक्सच्या नोंदीत दांडा कधी हलला ते येतं, कुणाच्या हाताने ते येत नाही. हे मला त्या टेबलाशी बसल्यावर आठवलं, आणि आठवलं याची मला आजही लाज वाटते. मी लिहिलं की जमिनीवरून उलट सूचना आल्यामुळे काही सेकंद गेले, त्यानंतर मी दांडा पुढे ढकलला आणि त्याच वेळी कॅप्टननी ताबा घेतला. अर्धं पान. सही केली आणि बाहेर आलो.

चौकशी होईपर्यंत दोघांनाही उड्डाणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो. मी कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो. मागून आवाज आला नाही. ते नुसते माझ्या मागोमाग उतरले, आज गरम होणार म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. मी लावलेल्या कुलपाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझी झोप उडाली. हा माणूस एकाएकी इतका गोड का वागतोय? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. यांनी तीन पानं भरून माझा गळा कापलाय आणि आता जावयाचं वाईट वाटतंय, म्हणून कुलपापुरती दया. माझा इतका संताप झाला की मी जेवताना त्यांच्याकडे बघेना. शेवटी बायकोला खाली पाठवलं, बाबांनी काय लिहिलंय ते हळूच काढून घे म्हणून. ती पाच मिनिटांत परत आली.

ते सांगत नाहीत म्हणाली. मग मी विचारलं, माझ्याबद्दल तरी काही विचारलं का? मी काय लिहिलंय वगैरे? ती म्हणाली, "मीच म्हटलं त्यांना, त्याला विचारा की. तर म्हणाले, जे घडलं तेच लिहिलं असेल त्याने, त्यात विचारायचं काय?"

साखर तीन काट्यांवर तोलणारा माणूस असं म्हणाला. माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, हाही डावच आहे.

चौथ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्याने मला बोलावलं. पन्नाशीच्या बाई, पूर्वी कंट्रोलर होत्या, टेबलावर दोन फायली आणि एक पेन, बाकी काही नाही. दोन निवेदनं जुळत नाहीत, म्हणाल्या, आणि सासऱ्यांची तीन पानं माझ्यापुढे सरकवली. वाचा, मग बोलू.

पहिलं दीड पान ढगांबद्दल होतं. थर किती तिरपा होता, सूर्य कुठे होता, त्यामुळे समोरचं विमान खाली असल्याचा भास कसा होत होता. मग लिहिलं होतं, 'हुकूम आल्यावर सहवैमानिक चार सेकंद बाहेर पाहत राहिला. त्याच्याकडे पाहून मीही बाहेर पाहिलं. मलाही ते विमान खालीच दिसलं. माझे दोन सेकंद त्यात गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ते जायला नको होते. चार त्याचे, दोन माझे. नंतर मी डोळ्यांचं ऐकायचं सोडून यंत्राच्या वर-खाली दाखवणाऱ्या पट्टीकडे पाहिलं आणि ताबा घेतला.'

मी मनात म्हटलं, आलंच शेवटी. आणि पान उलटलं. तिसऱ्या पानावर एवढंच होतं.

'दांडा मी ढकलला असं मला आठवतं. परंतु त्या क्षणी माझं लक्ष पट्टीवर होतं आणि माझ्या आठवणीचा मला भरवसा नाही. सहवैमानिकाच्या निवेदनात याबाबत काही वेगळं असेल तर त्याचं खरं धरावं.'

तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं की हा माणूस स्वतः लावलेलं कुलूपही ओढून बघतो. तीनदा. नऊ वर्षं ते मी रोज पाहत होतो आणि नऊ वर्षं मला वाटत होतं की संशय फक्त माझ्यावर आहे.

बाईंनी पेन उचललं. "त्यांनी तुमच्यावर सोडलंय. तुमचं निवेदन कायम ठेवायचं?"

खोलीतला पंखा फिरत होता. मी हो म्हटलं असतं तर ते कधीच कुणाला कळलं नसतं. पुढच्या महिन्यात डावी खुर्ची, आणि सासऱ्यांना आयुष्यभर वाटलं असतं की आपली आठवण गेली.

"नाही," मी म्हटलं. "दांडा मी ढकलला नाही. माझा हात त्यावर नुसता होता."

त्यांनी ते लिहून घेतलं. पहिलं निवेदनही फायलीत राहील म्हणाल्या, दोन्ही राहतील. डावी खुर्ची एक वर्ष पुढे गेली, आणि वर्षानंतरही देतील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी पहिल्या मजल्यावर गेलो. सासरे खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, काय लिहिलं होतं, का लिहिलं होतं, आज काय बोललो. ते चष्मा पुसतच राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हणजे दांडा मीच ढकलला."

"हो, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि चष्मा घातला. बसा म्हणाले नाहीत. मीही बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो. मी लोखंडी दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, दोन पायऱ्या उतरलो. मागून खट् असा आवाज आला. मी पुढची पायरी उतरणार, इतक्यात तो पुन्हा आला. आजवर माझं कुलूप ते एकदाच ओढायचे.